गाय मारते काय?

आश्विन वद्य द्वादशीला, म्हणजे वसुबारसेच्या सायंकाळीं, शहरांतील कित्येक आळ्यांत गवळी आपली सवत्स गाय घेऊन येतो व सुवासिनी तिची पूजा करितात. तबक हातांत घेऊन पुढें आलेली एखादी नवी सून ऐन वेळीं दोन पावलें मागें सरते. मग सासूबाई म्हणतात, "अग, गाय ती! ती काय करणार तुला?" सून निमूटपणें पुढें होते, पण तिची भीति जात नाहीं, ती केवळ लपते. सासूबाईंच्या त्या प्रश्नाला खरें उत्तर काय, तें सांगण्याचा आज माझा विचार आहे.

आपल्या भाषेनें तें पूर्वींच सांगून ठेविलें आहे. सौम्य माणसाला आपण "गरीब गाय" म्हणतों. पण "मारकी गाय" हा शब्दही आपलाच. आणि दुभत्या गाईच्या लाथा गोड, ही म्हण ज्यांनीं केली त्यांनीं त्या लाथा खाल्लेल्याच असल्या पाहिजेत. गुरें पाळणारा मनुष्य गाय कधीं मारीतच नाहीं असें म्हणत नाहीं. तें विधान ज्यांच्या घरीं दूध पिशवींतून येतें त्यांचें.

अमेरिकेंतील आयोवा, कॅन्सस, मिसूरी व नेब्रास्का या चार राज्यांत २००३ ते २००८ या अवधींत गुरांनीं घडविलेल्या २१ मृत्यूंची तेथील सरकारी आरोग्यसंस्थेनें छाननी केली. त्यांपैकीं १० एकट्या वळूमुळें, ६ एकट्या गाईमुळें व ५ अनेक जनावरांमुळें घडले. सुमारें एकतृतीयांश प्रसंगीं तें जनावर मारकें आहे हें आधींच ठाऊक होतें. मेलेले लोक गुरांचें काम करणारे होते, आणि त्या चार राज्यांत गुरें दीड कोटीहून अधिक आहेत, हेंही ध्यानांत घ्यावें. धोका खोटा नाहीं, पण तो फार थोडा आहे. आणि तो सर्व गाईंत व सर्व वेळीं सारखा वांटलेला नाहीं.

तो कोठें असतो, हें कळण्यास गाईची दृष्टि कशी आहे तें पाहूं. तिचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असतात, त्यामुळें मान न वळवितां तिला बहुतेक सभोवारचें दिसतें. ठीक शेपटीमागचा पट्टा तेवढा दिसत नाहीं. उलट, समोर दोन्ही डोळ्यांनीं मिळून दिसणारा भाग अरुंद, म्हणून अंतराचा अंदाज तिला नीट येत नाहीं. जमिनीवर सावली किंवा डबकें दिसलें कीं ती मान खालीं घालून थबकते. मुलें समजतात, आतां मारणार! ती बिचारी रस्ता तपाशीत असते. (तांबडें लुगडें नेसून गाईपुढें जाऊं नये, हाही असाच एक समज. तांबडा रंग गुरांना आपल्यासारखा ओळखतां येत नाहीं. फडफडणारा पदर मात्र दिसतो.)

मागून येऊन एकाएकीं पाठीवर हात ठेवला तर ती लाथ झाडणारच. घोड्याची लाथ सरळ मागें जाते. गाईची पुढें येऊन बाजूला कमानीसारखी फिरते. म्हणून कासेजवळ कडेला उभा असलेला मनुष्य आपणांस सुरक्षित समजत असेल तर तें बरोबर नव्हे. तिच्या खांद्याजवळची जागा बरी, व तेथें तोंडानें कांहीं बोलत, बाजूनें, सावकाश जावें.

सर्वांत अधिक जपावें तें नुकत्याच व्यालेल्या गाईला. एरवींची गरीब गाय त्या दिवसांत वासराजवळ परका मनुष्य सहन करीलच असें नाहीं. आणि वसुबारसेला आपण पूजितों ती नेमकी वासराची आई! म्हणून वासरूं तिच्या डोळ्यांसमोर राहूं द्यावें, दोघांच्यामध्यें कोणी जाऊं नये, दावें गवळ्याच्या हातीं असावें, व फुलबाज्या घेतलेलीं मुलें दूर ठेवावीं. बरोबर कुत्रें नेऊं नये हें तर सांगावयासच नको. इंग्लंडांत कुरणांतील पायवाटेनें जाणाऱ्यांवर गाई धांवून गेल्या त्यांत पुष्कळदां माणसाबरोबर कुत्रें होतें. अशा वेळीं साखळी सोडून द्यावी, असें तेथील जाणते सांगतात. कुत्रें पळून वांचतें आणि माणूसही.

रस्त्यावरची गाय मागें येऊं लागली तर ती बहुधा आपल्या नव्हे, पिशवींतल्या भाजीच्या मागें असते. भाजीचा मोह सोडावा. वळूची गोष्ट निराळी. तो आडवा उभा राहून पाठ फुगवूं लागला व खुरांनीं माती उकरूं लागला, तर पळूं नये. त्याच्याकडे नजर ठेवून हळूहळू मागें सरावें आणि ओटा किंवा मोटार आड घ्यावी.

आतां त्या सुनेला काय सांगावें? "ती कांहीं करीत नाहीं" असें सांगूं नये. शाळेंत जन्म घालविल्यावर मला एवढें कळतें कीं भ्यालेला जीव आपला शब्द एकदांच उसना घेतो. तो खोटा ठरला कीं पुढें गाईवरही विश्वास नाहीं आणि आपल्यावरही नाहीं. त्यापेक्षां म्हणावें, "गवळ्याला मी विचारलें आहे, ही गाय मारकी नाहीं. तूं इथें खांद्याशीं उभी राहा, तिकडे मागें नको. मी जवळ आहें. नको वाटलें तर दुरून अक्षता वाहा." दुरून वाहिलेल्या अक्षताही अक्षताच. पूर्वीं जिला गाईनें उडविलें असेल तिच्या भीतीला तर कोणीं हंसूंच नये.

एवढें करूनही शिंग लागलेंच तर जखम वरून लहान दिसली तरी आंत खोल असूं शकते. ती धुवून डॉक्टरांकडे जावें व धनुर्वाताची लस टोंचून घ्यावी. गाय एकसारखी लाळ गाळीत असेल व तिचा हंबरडा घोगरा झाला असेल, तर घशांत कांहीं अडकलें असें समजून तोंडांत हात घालूं नये. पिसाळलेलें कुत्रें चावलेल्या गाईलाही तो रोग होतो. तिची लाळ जखमेला लागली असल्यास साबण व वाहतें पाणी यांनीं ती जागा पंधरा मिनिटें धुवावी आणि त्याच दिवशीं दवाखाना गांठावा.