दोरूच्या पात्रावरील भोजन

पोर्तुगालमधील पोर्तो शहरापासून स्पेनच्या हद्दीपर्यंत दोरू नदी सुमारे 210 किलोमीटर जलवाहतुकीस खुली आहे, आणि या मार्गाने संथपणे जाणाऱ्या आलिशान प्रवासी नौकांवर दुपारच्या भोजनात प्रत्येक पदार्थाबरोबर त्याला साजेशी वाइन देण्याची प्रथा आहे. हा केवळ श्रीमंतांचा चोचला, असा आपल्याकडे पुष्कळांचा ग्रह असतो. परंतु या नदीवर तरी तो टिकत नाही, कारण पेल्यातले द्रव्य बहुधा खिडकीतून दिसणाऱ्या काठांवरचेच असते, आणि काठ बदलला की पेलाही बदलतो.

पोर्तोजवळचा प्रदेश अटलांटिकच्या पावसाने भिजलेला, हिरवा आणि ग्रॅनाइटचा. तेथली ‘विन्यु व्हेर्द’ ही वाइन हलकी, आंबटसर, जिभेला किंचित चुरचुरणारी. ती थंडगार करून भाजलेल्या सार्डिन माशांबरोबर देतात. तळलेल्या सुरमईवर आपण लिंबू पिळतो त्यामागे जी समज असते तीच येथे आहे, कारण आम्लता तेलकटपणा कापते आणि पुढचा घास पहिल्याइतकाच रुचकर लागतो.

पुढे काऱ्हापातेलूचे धरण आडवे येते. त्याच्या जलपाशात नौका सुमारे 35 मीटर उचलली जाते, आणि त्या वेळी जेवण चालू असेल तर मोठा चमत्कारिक अनुभव येतो: शेवाळलेली ओली भिंत खिडकीपासून जेमतेम हातभर अंतरावर येते, ताटांवरचा उजेड मावळतो, बोलणी आपोआप खाली येतात, आणि मग पाणी चढू लागले की टेबलावरच्या पांढऱ्या कापडावर ऊन पुन्हा हळूहळू पसरते. ही धरणे होण्यापूर्वी याच पात्रातल्या धावत्या पाण्यातून वाइनची पिंपे लादलेल्या सपाट बुडाच्या होड्या समुद्राकडे जात, आणि पुष्कळ नावाडी परतत नसत. पोर्ट वाइनच्या व्यापारात नाव कमावलेले, नदीचा तपशीलवार नकाशा काढणारे बॅरन फॉरेस्टर 1861 साली याच नदीत बुडाले.

मारांव पर्वताने पाऊस अडवल्यावर वरच्या खोऱ्यात उन्हाळा रखरखीत होतो, आणि पाटीच्या दगडासारख्या खडकातून खोदलेल्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतीत ‘तुरिगा नासियोनाल’सारखी काळी द्राक्षे पिकतात. त्यांची तांबडी वाइन नुसती प्यायली तर तोंड तुरट होते, कारण सालीतले टॅनिन लाळेतील प्रथिनांना धरते. पण तीच भाजलेल्या करडाच्या मांसाबरोबर घेतली, तर मांसातली प्रथिने व चरबी तो तुरटपणा पुष्कळसा शोषून घेतात. मांसाचा घास अगोदर आणि घोट मागाहून, हा क्रम उलटवून पाहिल्यावाचून त्यातील मर्म ध्यानात येत नाही.

शेवटी येते पोर्ट. आंबण्याची क्रिया मध्येच द्राक्षांचा तीव्र मद्यार्क घालून थांबवल्यामुळे तिच्यात साखर उरते. अठराव्या शतकात तिच्यात एल्डरबेरीच्या रसाची भेसळ इतकी बोकाळली की, पुढे मार्किस द पोंबाल म्हणून प्रसिद्धीस आलेल्या पोर्तुगालच्या सर्वाधिकारी मंत्र्याने 1756 साली या द्राक्षप्रदेशाच्या हद्दी फर्मानाने ठरवून टाकल्या आणि एल्डरची झाडे मुळासकट उपटावयास लावली. अन्नपदार्थातील भेसळीचा इतका मुळावर घाव घालणारा बंदोबस्त क्वचितच कोणी केला असेल. लाकडी पिंपात वर्षानुवर्षे मुरलेली टॉनी पोर्ट पेला तिरपा धरला असता कडेशी विटकरी-पिवळी दिसते. ती बदामाच्या मिठाईबरोबर द्यावी. मात्र मिठाई वाइनहून गोड असू नये, नाहीतर वाइन आंबट व पोकळ लागते. अती गोड शिऱ्यावर वाढलेल्या आपल्या माणसाला हा नियम जड जातो.

आपल्याकडच्या प्रवाशांस आणखी एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. मांस वाइनमध्ये व लसणीत मुरवण्याची पोर्तुगीज रीत गोव्यात आली तेव्हा वाइनच्या जागी माडाचे व्हिनेगर आले, अमेरिकेतून आलेली मिरची त्यात पडली आणि विंदालू झाले. ते उत्तमच; परंतु मिरची व मद्यार्क एकमेकांचा दाह वाढवतात, आणि तांबड्या वाइनचा तुरटपणा तिखटाबरोबर कडवट लागतो. म्हणून घरून नेलेली लोणच्याची बाटली या भोजनाला खोलीतच ठेवावी. अगदीच राहवले नाही तर ती आरंभीच्या थंड, कमी मद्यार्काच्या विन्यु व्हेर्दबरोबर उघडावी, करडाच्या वेळी मात्र बिलकूल नाही.