भाग संपण्याआधीची दाद

सिंफनीचे सगळे भाग वाजून होईपर्यंत टाळ्या वाजवायच्या नाहीत, हा पाश्चात्त्य मैफलीचा शिरस्ता. नोव्हेंबर १९३४ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये श्रोत्यांनी तो मोडला. लिओपोल्ड स्टोकोव्स्कींच्या संचालनाखाली फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रा विल्यम डॉसन यांची ‘निग्रो फोक सिंफनी’ वाजवत होता. दुसरा भाग संपला आणि सभागृहाला राहवलं नाही.

डॉसन अलाबामाचे. किशोरवयात घरातून पळून टस्कीगीच्या शाळेत दाखल झाले, पुढे तिथल्याच गायकवृंदाचे प्रमुख झाले. गुलामगिरीच्या काळातली स्पिरिच्युअल्स, म्हणजे शेतात आणि प्रार्थनेत गायली जाणारी कृष्णवर्णीयांची भक्तिगीतं, त्यांच्या सिंफनीचा पाया आहेत. तो दुसरा भाग कान देऊन ऐकावा. सुरुवातीला घंटेचे तीन ठोके पडतात. डॉसनसाठी ती ख्रिस्ती त्रयी. मग तंतुवाद्यं गजाऐवजी बोटांनी छेडली जातात. एकच संथ, न थांबणारी चाल. अडीचशे वर्षांच्या गुलामीतले एकसुरी दिवस डॉसनना त्या चालीतून ऐकवायचे होते, आणि ते ऐकू येतात.

एवढं कौतुक होऊनही ही सिंफनी पुढे क्वचितच वाजली. १९५२ मध्ये डॉसन पश्चिम आफ्रिकेत जाऊन आले, तिथल्या तालांच्या ओढीने त्यांनी तिच्यात बदल केले. स्टोकोव्स्कींनी १९६३ मध्ये अमेरिकन सिंफनी ऑर्केस्ट्रासह ती ध्वनिमुद्रित केली, म्हणून ती जिवंत राहिली. दुसरी सिंफनी डॉसननी लिहिलीच नाही.

गॉस्पेल या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या भक्तिसंगीताची गोष्ट मैफलीहून वेगळी. ते १९३० च्या सुमारास शिकागोच्या चर्चमध्ये थॉमस डॉर्सींच्या हातून घडलं. तिथे श्रोता गप्प बसत नाही. ओळ पडली की ‘आमेन’ येतं, टाळ्यांचा ठेका धरला जातो. जानेवारी १९७२ मध्ये गायिका अरीथा फ्रँकलिननी लॉस एंजेलिसच्या एका चर्चमध्ये दोन रात्री गायलेलं ‘अमेझिंग ग्रेस’ ऐका. साथीला ऑर्केस्ट्रा नाही, लहानसा वाद्यमेळ आणि गायकवृंद. पण जमलेल्या लोकांचे आवाज त्या तबकडीतून काढले, तर गाणं अर्धं उरेल.

उलट, ऑर्केस्ट्राचं ‘लाइव्ह’ ध्वनिमुद्रण बहुधा एका रात्रीचं नसतं. दोन-तीन प्रयोग मुद्रित करायचे, उत्तम तुकडे जोडायचे, खोकले पुसायचे, उरलेली डागडुजी रिकाम्या सभागृहात करून घ्यायची. माझं मत स्पष्ट आहे: खोकला खुशाल काढा, दाद राहू द्या. डॉसन यांच्या संगीताची मुळं जिथे आहेत, तिथे ऐकणारा गाण्याच्या बाहेर कधी नव्हताच.

फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राने यानिक नेझे-सेगाँ यांच्या संचालनाखाली डॉसन यांची हीच सिंफनी पुन्हा हाती घेतली. ते ध्वनिमुद्रण डॉइच ग्रामोफोनने २०२३ मध्ये काढलं. सोबत फ्लॉरेन्स प्राइस यांची चौथी सिंफनी आहे. १९४५ मध्ये लिहिलेली ही रचना प्राइसबाईंच्या हयातीत वाजलीच नाही. २००९ मध्ये इलिनॉयमधल्या एका पडक्या घरात त्यांच्या हस्तलिखितांचे गठ्ठे सापडले आणि २०१८ मध्ये तिचा पहिला प्रयोग झाला.

आधी १९६३ चं ध्वनिमुद्रण ऐका, मग २०२३ चं. दोन्हींत दुसऱ्या भागापासून सुरुवात करा.