दीर्घिकांची भरती-ओहोटी

कल्याणच्या खाडीचे पाणी दिवसातून दोन वेळा चढते व उतरते, हे पालेगावच्या परिसरातील लोकांना नवे नाही. या भरती-ओहोटीचे मुख्य कारण चंद्र होय. पृथ्वीचा जो भाग चंद्रासमोर असतो, त्यावर चंद्राची ओढ अधिक. पाठीमागील भागावर ती उणी. ओढीतील या तफावतीमुळे पाणी दोन्ही बाजूंस फुगते. सूर्य चंद्राहून कितीतरी जड आहे. परंतु तो फार दूर असल्याने त्याच्या ओढीतील तफावत चंद्राच्या निम्म्याइतकीही भरत नाही. भरतीच्या कामी वजनापेक्षा जवळीक मोठी ठरते, ती अशी.

हाच नियम दीर्घिकांनाही लागू आहे. गुरुत्वाकर्षणाने बांधलेल्या अब्जावधी ताऱ्यांच्या समुदायास दीर्घिका म्हणतात. आपली आकाशगंगा, 25 लाख प्रकाशवर्षांवरील देवयानी आणि त्यांच्या भोवतीच्या अनेक लहान दीर्घिका मिळून एक समूह झालेला आहे. त्यात एखादी लहान दीर्घिका मोठीच्या फार जवळ आली, की तिची अलीकडची बाजू अधिक जोराने ओढली जाते व पलीकडची मागे राहते. मग ती लांबट होते आणि तिचे तारे निसटू लागतात. धनु राशीच्या दिशेस 1994 मध्ये सापडलेली एक लहान दीर्घिका अशीच विसकटत आहे. तिच्या ताऱ्यांचा प्रवाह आकाशगंगेभोवती वेढे घालून राहिला आहे.

जेथे ओढ फाडते, तेथेच ती जोडतेही. 2017 मध्ये पुण्याच्या आयुका व आयसर या संस्थांतील संशोधकांनी, जयदीप बागची व शिशिर सांख्यायन यांच्यासह, मीन राशीच्या दिशेस दीर्घिकांचा एक महासमूह शोधून काढला. त्यास त्यांनी ‘सरस्वती’ हे नाव दिले, आणि नाव मोठे गोड निवडले! त्यात दीर्घिकांचे 43 गुच्छ असून त्याचा विस्तार सुमारे 60 कोटी प्रकाशवर्षे आहे. विश्व प्रसरण पावत असतानाही त्याचा मधला, जड भाग गुरुत्वाकर्षणाने एकत्र बांधून ठेवला आहे. तेथील प्रकाश येथे पोहोचण्यास 400 कोटी वर्षे लागली.

देवयानी मात्र नुसत्या डोळ्यांनी दिसते. पालेगावात आता दिव्यांच्या उजेडात ती लोपते. बदलापूरच्या पुढे, डोंगराआडच्या अंधारात, कार्तिकातील अमावास्येच्या सुमारास उत्तरेकडे पुसट डागासारखी ती आढळते. ती आकाशगंगेकडे सरकत आहे. दोघी एकमेकींत मिसळणारच, असे पूर्वी बहुतेक धरून चालत. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या गणिताप्रमाणे येत्या 1,000 कोटी वर्षांत तसे घडण्याचा संभव निम्माच आहे.