यॉर्कचा शर्यतींचा आठवडा

उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्क शहराचं घोड्यांच्या शर्यतींचं जुनं मैदान नदीकाठी होतं आणि तिथे पुराचं पाणी शिरायचं. म्हणून १७३१ साली शर्यती नेव्हस्मायर नावाच्या चराऊ रानात हलवल्या गेल्या. त्याच रानात शहराचा वधस्तंभही होता. कुप्रसिद्ध दरोडेखोर डिक टर्पिनला १७३९ मध्ये तिथेच फाशी दिली.

ऑगस्टमध्ये शर्यती भरल्या की यॉर्कशायरमधली जमीनदार घराणी बग्ग्या जोडून शहरात मुक्कामाला येत. दिवसा घोडे, संध्याकाळी नाटक, रात्री नाच. उपवर मुलामुलींना एकमेकांना पाहता येई आणि निवडणुकीची बोलणीही उरकत. घोडा हे खरं तर निमित्त होतं. लॉर्ड बर्लिंग्टन यांनी आखलेलं भव्य नृत्यगृह १७३२ च्या शर्यतींच्या आठवड्यातच खुलं झालं, ते वर्गणीतून. त्यातले खांब इतके जवळजवळ होते, की घेरदार झगे घातलेल्या बायकांना त्यांच्यामधून जाणं अवघड, अशी तक्रार मार्लबरोच्या डचेसने केली होती.

मैदानावर पैजा प्रचंड लागत. रॉकिंगहॅमचे मार्क्विस पुढे दोनदा पंतप्रधान झाले, पण जीव त्यांचा घोड्यांत. १७५९ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या व्हिसलजॅकेट या घोड्याने इथेच चार मैलांच्या शर्यतीत ब्रूटसला हरवलं. पैज २००० गिनींची होती! पुढे जॉर्ज स्टब्जने काढलेलं या घोड्याचं पूर्णाकृती चित्र आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे.

गावोगावच्या छोट्या शर्यतींचं नशीब मात्र फिरलं होतं. शर्यतींमुळे गरीब आळशी होतात, कंगाल होतात, असं कारण देऊन संसदेने १७४० मध्ये कायदा केला आणि मोजके अपवाद वगळता ५० पौंडांहून कमी बक्षिसाच्या शर्यतींवर बंदी घातली. उमरावांच्या हजारो गिनींच्या पैजांना त्यात धक्का नव्हता. खेड्यातल्या शेतकऱ्याच्या घोड्याची मात्र वाटच बंद झाली. या कायद्यातला पक्षपात उघड होता.

प्रेक्षकांतली दरीही लवकरच दगडात बांधली गेली. सामान्य माणसं चराऊ रानात उभी राहून शर्यत फुकट पाहू शकत. वर्गणीदारांसाठी मात्र १७५० च्या दशकात जॉन कार या वास्तुविशारदाने दुमजली प्रेक्षागृह उभारलं. त्याच्या तळमजल्याचा भाग आजही मैदानावर टिकून आहे. गंमत म्हणजे, श्रीमंतांना उंचावर बसवणारा हा कार स्वतः पाथरवटाचा मुलगा. या कामाने त्याचं नाव झालं, बड्या घराण्यांचे वाडे बांधण्याची कामं त्याच्याकडे येत गेली आणि पुढे तो दोनदा, १७७० व १७८५ मध्ये, यॉर्कचा लॉर्ड मेयर झाला.