बॅकअप का अडतो?



साकोलीच्या कार्यालयात येणारे पुष्कळ जण कोपऱ्यातल्या लहान काळ्या पेटीकडे बोट दाखवून विचारतात, "भाऊ, हिचं काम तरी काय?" काहींनी तिच्यासाठी देणगी दिली आहे, म्हणजे त्यांचा विचारण्याचा हक्कच आहे. या पावसाळ्यात ती पेटी तीन वेळा रुसली. त्या निमित्ताने तिचे काम काय आणि ती का रुसते, हे सांगतो.

ती पेटी म्हणजे फाईल सर्व्हर. कार्यालयातले सगळे कंप्युटर केबलने तिला जोडलेले आहेत, आणि त्यांच्यातील कामाच्या फाईलींची एक प्रत रोज आपोआप तिच्यात जाते. यालाच बॅकअप म्हणायचे.

या फाईली म्हणजे नुसती पत्रे आणि हिशेब नव्हेत. गोंड, हलबा कुटुंबांतील मुलांच्या जमात प्रमाणपत्राची पडताळणी होते, तेव्हा ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या नोंदींना फार वजन असते. पणजोबांचे नाव असलेले शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर, कोतवाल बुकाची नक्कल, जुने महसुली कागद. ही पाने हात लावताच तुटतात, म्हणून ती स्कॅन करून ठेवली आहेत. वनहक्क कायदा २००६ खालील दाव्यांचे तसेच. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन ताब्यात असल्याचे पुरावे, नकाशे, ग्रामसभेचे ठराव त्यात आहेत. स्कॅन केलेली प्रत मूळ कागदाची जागा घेत नाही, हे खरे. पण घरातला कागद वाळवीने खाल्ला, तर कोणत्या गावाचे, कोणत्या वर्षाचे, कितवे पान मागायचे हे ती सांगते. तेवढ्यावर नवी नक्कल मिळू शकते. ती नसेल तर शोध पुन्हा पहिल्यापासून.

बॅकअपचा प्रोग्राम रोजची नोंद लिहितो. दर सोमवारी मी ती नोंद उघडतो. लाल खूण दिसली की घाईने पेटी बंद-चालू करण्याचा मोह होतो. तो आवरावा आणि आधी संदेश वाचावा. 'मार्ग सापडत नाही' म्हणजे कंप्युटर पेटीपर्यंत पोचलाच नाही. 'परवानगी नाही' म्हणजे पोचला, पण दारातून परत फिरला. 'जागा नाही' म्हणजे आत गेला, पण सामान ठेवायला कोपरा नाही. तिन्हींचे उपाय वेगळे.

पहिली लाल खूण जून महिन्यातली. संदेश: मार्ग सापडत नाही. केबल ठीक होती, पेटीचा दिवाही लागलेला. मग लक्षात आले की आदल्या रात्री वादळात वीज बराच वेळ गेली होती. नेटवर्कवरील प्रत्येक यंत्राला राउटर एक आकडी पत्ता देतो. वीज आल्यावर राउटरने पेटीला नवा पत्ता दिला, आणि कंप्युटर मात्र जुन्याच पत्त्यावर हाका मारत राहिले. पोस्टमन तोच, घर तेच, घरनंबर तेवढा बदललेला! राउटरमध्ये पेटीसाठी एक पत्ता कायमचा राखून ठेवला आणि पेटी व राउटर दोन्ही यूपीएसवर घेतले. आपल्या भागात हा आजार सर्वांत जास्त आढळेल.

दुसरा प्रकार गमतीचा. हाताने बॅकअप चालवला की होतो, आपोआप होत नाही. याचे कारण असे की आपण कंप्युटरवर पेटीला 'झेड' असे ड्राइव्हचे अक्षर देतो, ते अक्षर त्या वेळी लॉगिन केलेल्या व्यक्तीपुरतेच असते. वेळापत्रकाने चालणारे काम वेगळ्या खात्यातून चालत असेल, तर त्याला 'झेड' दिसतच नाही. म्हणून तिथे अक्षर न देता दोन उलट्या तिरप्या रेघांनी सुरू होणारा पेटीचा पूर्ण पत्ता लिहावा. शिवाय वेळापत्रक रात्री एकचे होते, आणि संध्याकाळी जाताना सगळे शिस्तीने कंप्युटर बंद करतात. आता बॅकअप जेवणाच्या सुटीत चालतो. हिशेबाची फाईल उघडी ठेवून कोणी जेवायला जाऊ नये, एवढेच सांगणे. उघडी फाईल कधी कधी प्रत होण्यातून सुटते.

तिसरी वेळ जरा विस्ताराने सांगण्यासारखी आहे. एक नवा कंप्युटर आला आणि तो पेटीत शिरेचना. पेटीवरचा एक फोल्डर बिनापासवर्डाचा, 'पाहुणा' म्हणून कोणालाही उघडा असा होता. २०२४ साली आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रो प्रकारातही असा पाहुणा प्रवेश मुळात बंद ठेवलेला असतो, आणि पेटीकडून येणाऱ्या प्रत्येक निरोपावर डिजिटल सहीही मागितली जाते. व्हिडिओ बघून हा नियम सैल करता येतो. पण मी तसे करू नये या मताचा आहे, आणि त्याला कारण २०१७ चे आहे.

त्या वर्षी मे महिन्यात 'वॉनाक्राय' आणि जूनमध्ये 'नॉटपेट्या' हे घातक प्रोग्राम जगभर पसरले. फाईल देवाणघेवाणीच्या जुन्या पद्धतीतील एका भगदाडातून ते एका कंप्युटरवरून दुसऱ्यावर उड्या मारत. नॉटपेट्याचा फटका आपल्या महाराष्ट्रालाही बसला. न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. मर्स्ककडे जगभरचे लॉगिन सांभाळणारे सुमारे दीडशे सर्व्हर होते, आणि ते एकमेकांची प्रत ठेवत. पण सगळे एकाच वेळी पुसले गेले. वाचला फक्त एक, आफ्रिकेतील घानामधला, कारण त्या वेळी तिथली वीज गेली होती! वीज गेल्याचे इतके भले क्वचितच कोणाचे झाले असेल.

म्हणून दार सैल न करता पेटीचे सॉफ्टवेअर अद्ययावत केले, पाहुणा बंद केला आणि बॅकअपसाठी स्वतंत्र नाव-पासवर्ड तयार केला. तो पासवर्ड बदलला तर वेळापत्रकातही बदलावा लागतो, हे कागदावर लिहून पेटीच्या कपाटात आतून चिकटवले आहे (पासवर्ड नव्हे, सूचना).

पेटीत दोन हार्डडिस्क आहेत, मग आणखी काय हवे, असे मंडळीतील एका वडिलांनी विचारले. त्या दोन डिस्क एकमेकींचा आरसा आहेत. एक बिघडली तर दुसरी चालते. पण चुकून फाईल पुसली तर दोन्हींतून एकदमच पुसली जाते. म्हणून पीटर क्रोग या छायाचित्रकाराने रूढ केलेला नियम आम्ही धरला आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतील एक दुसऱ्या जागी. तिसरी प्रत बाहेरच्या डिस्कवर महिन्यातून एकदा घेतो आणि केबल काढून भंडाऱ्याला पाठवतो. ती तिथे वरच्या मजल्यावर ठेवली जाते. ऑगस्ट २०२० अखेरीस वैनगंगेचे पाणी शहरात शिरले, ते ज्यांनी पाहिले त्यांना वरचा मजला का, हे सांगायला नको.

हिरवी खूण दिसली म्हणजे प्रत चांगली निघाली असेही नाही. म्हणून दर तिमाहीस एक फाईल डोळे मिटून निवडतो, पेटीतून वेगळ्या कंप्युटरवर परत काढतो आणि पानन् पान उघडून बघतो. या वेळी चिठ्ठी निघाली ती एका दाखल-खारीज रजिस्टरची. बारा पाने, सगळी उघडली, मोडी अक्षरांची दोन पानेही स्वच्छ वाचता येतील अशी. पुढच्या तिमाहीत वनहक्क दाव्याचा एक नकाशा काढून बघणार आहे. नकाशांच्या फाईली मोठ्या असतात आणि अर्धवट राहण्याचा धोका त्यांनाच जास्त.

ज्यांच्या घरी असे जुने कागद असतील त्यांनी ते लॅमिनेट न करता तसेच आणावेत. स्कॅन करून त्याच दिवशी परत देतो.