चालू धंदा देणे आहे

पावसाळ्यातला रविवार. खडकवासल्याच्या चौपाटीवर गाड्या वाटेल तशा तिरक्या लावलेल्या, पाण्यावरून भुरभुर येतेय. शेजारी शेजारी दोन हॉटेलं. एकात कांदाभजीसाठी माणसं ताटकळत उभी, दुसऱ्यातला पोऱ्या रिकामी टेबलं पुन्हा पुन्हा पुसतोय. बेसन तेच, तेल तेच, समोरचं धरणही तेच. आता समजा, पहिल्या हॉटेलचा मालक म्हणाला, ‘गुडघे गेले, पोरगा हिंजवडीला आयटीत, तुम्हीच घ्या.’ टेबलं, फ्रीज, भट्टी, भांडी, जागेचं डिपॉझिट अशी बेरीज चार लाख होत असताना त्याने मागितले बारा. वरचे आठ लाख कशाचे?

दाखवा म्हटलं तर त्याला काहीच दाखवता येणार नाही. तरीही ते विकलं जातं, त्याचा करार होतो, त्यावरून कोर्टात भांडणं होतात आणि बारावी कॉमर्सच्या पोरांना त्याची किंमत काढण्याची गणितं सोडवावी लागतात. स्वतःचा धंदा म्हणजे नारळ फोडून शून्यातून उभा करायचा, असंच आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. दुसऱ्याचा चालता धंदा विकत घेऊनही मालक होता येतं, पण तिथे खरेदी होते ती बहुतांशी अशा न दिसणाऱ्या मालाची. मला याचं नवल कायम वाटत आलंय.

इंग्लंडमध्ये 1810 साली लॉर्ड एल्डन या न्यायाधीशांपुढे मालवाहतुकीच्या गाड्यांच्या धंद्याचा एक खटला आला. ज्याचा धंदा विकला गेला होता, त्यानेच पुन्हा तसाच धंदा सुरू केला होता. त्याला अडवायचं का, हे ठरवण्याआधी मुळात विकलं काय गेलं, हे ठरवणं भाग होतं. एल्डनसाहेबांनी काढलेला अर्थ असा: जुनं गिऱ्हाईक जुन्या ठिकाणी परत येण्याचा संभव. बस. गुडविल म्हणतात ते एवढंच. दोन शतकं झाली, वकील अजून त्या खटल्याचा दाखला देतात.

वस्तू आणि हा संभव एकमेकांपासून वेगळे करता येतात, याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण पुण्यातच घडलेलं आहे, आणि तेही लोकमान्यांच्या बाबतीत. जानेवारी 1881 मध्ये ‘केसरी’ आणि ‘मराठा’ निघाले. छपाईसाठी आर्यभूषण छापखाना होता. पुढे ही पत्रं चालवणाऱ्या मंडळींत मतभेद झाले, हिशेब तोट्यात गेले, आणि 1890 नंतर वाटणीची वेळ आली. तेव्हा छापखाना गेला भागीदारांकडे. टिळकांनी घेतली दोन्ही पत्रं, डोक्यावरच्या कर्जासकट. म्हणजे यंत्रं आणि खिळे एकीकडे गेले, आणि टिळकांच्या वाट्याला आलं नाव, वाचकांची यादी आणि देणेकऱ्यांची यादी. कारकुनी नजरेने पाहिलं तर फसलेला सौदा. घर चालवायला ते कायद्याचे क्लास घेत होते, लातूरला सरकी काढण्याच्या कारखान्यात भागीदारीही होती. पण वर्गणीदार छापखान्याशी बांधलेला नव्हता. पुढे ‘केसरी’ कुठे गेला हे सगळ्यांना ठाऊक आहे.

याच्या नेमकं उलट जमशेटजी टाटांनी 1869 मध्ये केलं. चिंचपोकळीची एक बुडीत तेलगिरणी घेतली. तिच्या तेलाशी आणि गिऱ्हाइकांशी त्यांना काही कर्तव्य नव्हतं. चार भिंती आणि जागा हवी होती, तिथे त्यांनी अलेक्झांड्रा ही कापडगिरणी काढली आणि दोनेक वर्षांत नफ्यात विकून टाकली. एकाने नाव घेतलं, दुसऱ्याने सांगाडा. चालू धंदा घेणाऱ्याला आपण यांतलं काय घेतोय, हे पैसे मोजण्याआधी कळायला हवं. बऱ्याच जणांना ते नंतर कळतं.

खडकवासल्याला हा प्रश्न जास्तच टोकदार होतो. इथलं गिऱ्हाईक मुळात कशासाठी येतं? धरण 1879 मध्ये पुरं झालं ते शेतीला आणि पुण्या-खडकीला पाणी द्यायला, भजी खायला नव्हे. पण आज शनिवार-रविवारचा गल्ला त्या पाण्याच्या जिवावर भरतो. म्हणजे आठ लाखांतला मोठा हिस्सा तलावाचा, आणि तलाव काही हॉटेलवाल्याचा नाही. सिंहगडावर जाणारी वाहतूकही त्याची नाही. पावसाळ्यात गर्दी आवरायला कधी बंदीचा आदेश निघाला की कढई थंड. शिवाय टपरी उभी आहे ती जागा कुणाची, जलसंपदा खात्याची, महापालिकेची की खाजगी, हेही बघावं लागतं. गाव 2021 मध्ये महापालिकेत आलं. ग्रामपंचायतीच्या काळचे कागद ट्रंकेत जपून ठेवणारा मालक भला माणूस असेल, पण ते कागद आज कितपत चालतात, हे वकिलाला विचारलेलं बरं.

तलावाचा वाटा वजा केल्यावर जे उरतं ते त्या एका हॉटेलचं. आणि त्यातलंही बरंचसं आचाऱ्याच्या हातात असतं. मालक बदलला आणि आठवड्याने आचारी नांदेड फाट्यावर दुसरीकडे लागला, तर तुम्ही विकत घेतलेलं काय, तर फ्रीज.

आता हिशेब. मालक सांगेल, ‘रविवारी इतका गल्ला होतो.’ यातलं वहीत किती असतं, हा नाजूक विषय. मुरलेला खरेदीदार वहीवर फार विसंबत नाही. तो व्यापारी गॅस सिलिंडर महिन्याला किती लागतात ते विचारतो. तेलाचे पंधरा किलोचे डबे किती रिकामे झाले ते मागच्या दाराशी जाऊन मोजतो. बेसनाच्या कट्ट्यांची बिलं वाण्याकडून मागवतो. किलोभर बेसनात किती प्लेटा निघतात हे कुठल्याही आचाऱ्याला पाठ असतं, त्यामुळे कट्ट्यांवरून प्लेटा आणि प्लेटांवरून गल्ला असं उलटं चालत गेलं की आकडा हाती लागतो. लाइटबिलाला फुगवून सांगता येत नाही. मग पाऊस संपल्यावरचा एखादा मंगळवार गाठून गल्ल्याशेजारी स्टूल टाकून बसायचं. रविवार बघून कुणीही भाळतं.

एवढं करूनही एक चूक राहते, आणि ती सर्रास होते. मालक पहाटेपासून उभा असतो, त्याची बायको चटणी वाटते, भाचा टेबलांवर असतो. पगार कुणालाच नाही. वर्षअखेरीला जे उरतं त्याला सगळे नफा म्हणतात. खरं तर तो तिघांचा न दिलेला पगार आहे. त्या जागी माणसं ठेवून त्यांचे पगार वजा करा, गुंतवलेल्या भांडवलावरचं व्याज वजा करा, मग काही शिल्लक उरलं तर ती त्या धंद्याची खरी जादा कमाई. कॉमर्सच्या पुस्तकातली एक पद्धत हीच शिल्लक दोन-तीन वर्षांनी गुणून गुडविलची किंमत काढते. वजाबाकीनंतर हाती शून्य आलं, तर बारा लाख देऊन तुम्ही स्वतःसाठी एक नोकरी विकत घेतली. तीही चालेल, पण नोकरीचा भाव नोकरीइतकाच द्यावा.

कायद्याचं वागणंही मोठं गमतीचं आहे. भारतीय करार कायदा, 1872 चं कलम 27 सांगतं की कुणाला धंदा करण्यापासून रोखणारा करार रद्दबातल. आणि लगेच अपवाद देतं: गुडविल विकणारा मात्र ‘अमुक हद्दीत मी असा धंदा काढणार नाही’ असं बांधून घेऊ शकतो, हद्द वाजवी असली म्हणजे झालं. त्या न दिसणाऱ्या मालासाठी कायद्याने आपला एवढा मोठा नियम वाकवला. कारण उघड आहे. आठ लाख खिशात घालून जुना मालक डोणजे फाट्यावर नवी कढई चढवणार असेल, तर विकलं काय? 1932 च्या भागीदारी कायद्याच्या कलम 55 मध्ये तर असंही आहे की वेगळा करार नसेल, तर फर्म मोडून गुडविल विकल्यावर जुना भागीदार तसाच धंदा काढू शकतो. फर्मचं नाव वापरू शकत नाही आणि जुन्या गिऱ्हाइकांना आपल्याकडे ओढायला जाऊ शकत नाही, इतकंच. म्हणून ती हद्दीची ओळ करारात हवीच, गावांच्या नावांसकट.

जीएसटीत पूर्ण चालता धंदा हस्तांतरित केला तर त्या व्यवहारावर कर नाही. हे ऐकून लोक खूश होतात. पण त्याच कायद्याचं कलम 85 असं की हस्तांतराच्या दिवसापर्यंतचा थकलेला कर, व्याज आणि दंड यांना विकणारा आणि घेणारा दोघेही जबाबदार. टिळकांनी देणी उघड्या डोळ्यांनी घेतली होती. इथे ती न सांगता अंगावर येऊ शकतात. म्हणून सगळी रक्कम एकदम द्यायची नाही, काही भाग मागे ठेवून जुनी देणी मिटल्यावर सोडायचा, असा रिवाज आहे. मालकाने दोन-तीन महिने रोज काउंटरवर येऊन बसायचं, हेही लिहून घेतात, म्हणजे नेहमीच्या गिऱ्हाइकांना नवा चेहरा जुन्या चेहऱ्याशेजारी दिसतो.

फूड लायसन्स मात्र या सौद्यात येत नाही. ते विकता येत नाही, मालक वारला तरच वारसाच्या नावावर होतं. घेणाऱ्याला आपल्या नावाने नवा अर्ज करावा लागतो, आणि तो पाऊस सुरू व्हायच्या आत केलेला बरा.