दुखण्याचे पहिले नाव : कुटुंबवैद्यकातील संशोधन आणि भोर-वेल्ह्याचा मुलूख

पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्येस, सह्याद्रीच्या धारेला टेकून भोर आणि वेल्हे हे दोन तालुके वसले आहेत. (वेल्हे तालुक्याला शासनाने आता ‘राजगड’ असे नाव दिले आहे, येथे सोयीसाठी जुनेच नाव ठेवले आहे.) नीरा, वेळवंडी, गुंजवणी आणि कानंदी या नद्यांची खोरी, त्यांतील भाताची खाचरे, माथ्यावर तोरणा व राजगड आणि उतारांवर विखुरलेल्या लहान लहान वाड्या, असे या मुलखाचे रूप आहे. येथील एखाद्या वाडीत कोणी आजारी पडले, तर त्याच्या दुखण्याला वैद्यकीय नाव मिळेपर्यंत त्या दुखण्याने बराच प्रवास केलेला असतो. घरातील वडीलधारी माणसे, आशा कार्यकर्ती, प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा बाजाराच्या गावचा खासगी डॉक्टर आणि अखेरीस पुण्याचे ससून रुग्णालय, असा तो क्रम असतो. प्रत्येक टप्प्यावर रुग्णाचे काही शब्द गळतात आणि त्यांच्या जागी शास्त्राचे शब्द येतात. पुण्यातील केसपेपरावर अखेर जे उरते ते निदान होय. वाडीवर जे प्रथम उच्चारले गेले ते बहुधा कोठेच लिहिले जात नाही. कुटुंबवैद्यकातील संशोधनाचे क्षेत्र म्हणजे नेमका हा न लिहिला गेलेला भाग.

कुटुंबवैद्यक ही शाखा एखाद्या अवयवावरून किंवा एखाद्या रोगावरून आखलेली नाही. वय, लिंग वा व्याधी यांचा भेद न करता प्रथम भेटणारा आणि पुढेही भेटत राहणारा वैद्य, हे तिचे लक्षण आहे. अशा वैद्याला काही काळ वेतन, मार्गदर्शन आणि मुख्य म्हणजे वेळ देऊन स्वतःच्याच रुग्णवर्गाविषयी पद्धतशीर प्रश्न विचारण्यास मोकळे करणे, हा संशोधन-अधिछात्रवृत्तीचा, म्हणजे ज्याला सर्वत्र ‘फेलोशिप’ म्हणतात तिचा, हेतू असतो. पाश्चात्त्य देशांत या शाखेला विद्यापीठीय प्रतिष्ठा तशी उशिराच मिळाली. ब्रिटनमध्ये सामान्य व्यवसायी वैद्यांचे महाविद्यालय १९५२ साली स्थापन झाले आणि एडिंबरो विद्यापीठात रिचर्ड स्कॉट यांची या विषयाचे प्राध्यापक म्हणून नेमणूक १९६३ साली झाली. भारतात राष्ट्रीय परीक्षा मंडळाच्या डी.एन.बी. पदवीसाठी कुटुंबवैद्यकाचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे व त्यात प्रबंधही लिहावा लागतो. परंतु हे शिक्षण मोठ्या रुग्णालयाच्या आश्रयाने होत असल्यामुळे प्रबंधाचा विषयही रुग्णालयात पोहोचलेल्या रुग्णांतूनच निवडला जाणे स्वाभाविक ठरते. अडचण आहे ती येथेच.

ही अडचण किती मोठी आहे हे केर व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या एका लेखात आकड्यांनी मांडले. अमेरिका व ब्रिटन येथील माहितीवरून त्यांनी असा हिशेब केला की, १,००० प्रौढ माणसांपैकी एका महिन्यात ७५० जणांना काही ना काही दुखणे वा इजा होते. त्यांपैकी २५० जण वैद्याकडे जातात. ९ जण रुग्णालयात दाखल होतात. आणि विद्यापीठाच्या रुग्णालयात पाठविला जातो तो केवळ १. वैद्यकाचे विद्यार्थी मात्र त्या एकावरच शिकतात. उरलेल्या ५०० जणांविषयी, जे आजारी असून कोठेच जात नाहीत त्यांच्याविषयी, शास्त्राला फारसे काही ठाऊक नव्हते. मराठी भाषेला मात्र ते ठाऊक होते. ‘दुखणे अंगावर काढणे’ हा वाक्प्रचार नेमका या ५०० जणांसाठीच घडलेला आहे आणि त्यात सोसण्याचा अर्थ जितका आहे तितकाच, काम थांबविता येत नाही, हाही अर्थ आहे.

खेड्यातील एकटा वैद्य अशा परिस्थितीत काय करू शकतो, याचे एक उदाहरण इंग्लंडमधील आहे. यॉर्कशायरच्या वेन्स्लीडेल या खोऱ्यात विल्यम पिकल्स हे आयुष्यभर व्यवसाय करीत राहिले. खोऱ्यातील बहुतेक माणसे त्यांच्या ओळखीची होती. कोण कोणाकडे पाहुणा गेला, कोणत्या जत्रेत कोण कोणाला भेटले, हे त्यांना विचारता येत असे. १९२९ सालच्या काविळीच्या साथीत या माहितीच्या आधारे त्यांनी, संसर्ग झाल्यापासून रोग दिसेपर्यंत किती दिवस जातात, हे बरेच नेमकेपणाने ठरविले. मोठ्या शहरात ही गोष्ट जवळजवळ अशक्य होती. खोऱ्याचा एकांत हीच त्यांची प्रयोगशाळा ठरली. त्यांचा ग्रंथ १९३९ साली प्रसिद्ध झाला आणि पुढे वर उल्लेखिलेल्या महाविद्यालयाचे पहिले अध्यक्षपद त्यांच्याकडेच आले.

परंतु भोरच्या वाचकाला इतक्या दूर जाण्याचे कारण नाही. भोरहून वरंधा घाट उतरला की महाड लागते. पावसाळ्यात दरडी कोसळून हा रस्ता पुष्कळदा बंद पडतो, तरी डोंगर एकच आहे. या महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर हे वैद्यकीय अधिकारी म्हणून रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशाने तेथे माणसे, विशेषतः मुले, दगावत असत. मोठ्या रुग्णालयाला दिसत असे ती अखेरची अवस्था : फुप्फुसांत पाणी आणि तोंडाला फेस. बावस्करांनी रुग्णांजवळ रात्र रात्र बसून आधीची अवस्था टिपली. ओकारी, दरदरून सुटणारा घाम, थंडगार पडलेले हातपाय ही लक्षणे हृदयावरील आघाताची पूर्वसूचना होत, हा त्यांचा निष्कर्ष १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. विषामुळे शरीरात उत्तेजक द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि हृदयावर असह्य भार पडतो, हे ध्यानी घेऊन त्यांनी रक्तवाहिन्या सैल करणारे प्राझोसिन हे औषध वापरले. तोंडाने घ्यावयाची ही साधी गोळी असल्यामुळे ती आडगावच्या केंद्रातही ठेवता येते. या उपचाराविषयीचा लेख १९८६ साली त्याच नियतकालिकात आला. पुढे २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांनी ७० रुग्णांवरील तुलनात्मक चाचणी प्रसिद्ध केली. केवळ प्राझोसिन दिलेल्यांपैकी शेकडा २२.९ रुग्ण दहा तासांत पूर्ण लक्षणमुक्त झाले. प्राझोसिनबरोबर प्रतिविषही दिलेल्यांत हे प्रमाण शेकडा ९१.४ होते. ज्या औषधाने नाव मिळवून दिले, त्याच औषधाची मर्यादा स्वतःच मोजून जगापुढे ठेवणे ही सामान्य गोष्ट नव्हे. २०२२ साली त्यांना पद्मश्री देण्यात आली.

या संशोधनाचा भाषेशी असलेला संबंध वरवर पाहता जाणवत नाही. तथापि तो निकटचा आहे. मराठीत विष ‘चढते’ आणि विंचू ‘उतरतो’ किंवा ‘उतरवला’ जातो. या क्रियापदांचा मापदंड वेदना हा आहे : कळ थांबली की विंचू उतरला असे मानले जाते. परंतु लाल विंचवाच्या बाबतीत वेदना आणि धोका या दोन निराळ्या गोष्टी आहेत. केवळ दंशाच्या जागी तीव्र वेदना असणे ही सर्वांत सौम्य प्रत होय. घाम सुटून हातपाय गार पडलेला रुग्ण वेदनेची तक्रार न करताही मृत्यूच्या वाटेवर असू शकतो. तीच गत नामांची. मोठ्या जातीच्या विंचवाला ‘इंगळी’ असे दरारा उत्पन्न करणारे स्वतंत्र नाव आहे. प्राणघातक ठरणाऱ्या लहान लाल विंचवाला मात्र रंगाच्या विशेषणावरच भागवावे लागते. भाषेने आकाराला भिऊन नाव दिले, असेच म्हणावे लागेल.

सर्पदंशाच्या बाबतीत तर शब्द मुद्दामच झाकलेला असतो. ‘पान लागले’ असे सांगत कोणी रात्री केंद्राच्या दारी आला, तर शहरात वाढलेल्या तरुण डॉक्टरला त्याचा बोध होईलच असे नाही. सापाचे नाव घेऊ नये या समजुतीने तो शब्दप्रयोग रूढ झालेला आहे. ‘जनावर चावले’ यातील जनावर म्हणजे कुत्रा की साप, हेही विचारूनच घ्यावे लागते. ‘घाबरल्यासारखे होते’ या वाक्याने मनाची भीती, छातीतील धडधड आणि गुदमरणे, या तिन्ही गोष्टी सांगितल्या जातात. ऐकणाऱ्याने पहिलाच अर्थ घेतला, तर हृदयविकाराची रुग्ण असलेली बाई धीराचे चार शब्द ऐकून घरी परत जाते.

कुटुंबवैद्यांच्या जागतिक संघटनेने १९८७ साली प्राथमिक वैद्यकसेवेसाठी जे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण प्रसिद्ध केले, त्याचे महत्त्व या दृष्टीने ध्यानात येते. त्यात निदानाबरोबरच ‘येण्याचे कारण’ही नोंदविण्याची सोय आहे आणि ते शक्यतो रुग्णाच्या सांगण्याला धरून नोंदवावे अशी अपेक्षा आहे. सतरा प्रकरणांच्या या सारणीत गरगरणे आणि शुद्ध हरपणे यांना वेगवेगळे संकेतांक आहेत. ‘चक्कर येऊन पडला’ हे मराठी वाक्य मात्र दोहोंनाही पुरते. ‘घेरी’, ‘भोवळ’, ‘अंधारी’ हे शब्द कोण कशासाठी वापरतो, हे कोशात पाहून ठरणार नाही. ते त्या त्या खोऱ्यात बसूनच ठरवावे लागेल. यास्तव भोर-वेल्ह्यासारख्या भागात एखाद्या वैद्याला अधिछात्रवृत्ती द्यावयाची, तर त्याच्या नोंदवहीत निदानाच्या रकान्याअगोदर रुग्णाच्या शब्दांचा एक रकाना असावा, आणि तो भाषांतर न करता भरावा, ही किमान अट ठरते. ते काम वेळखाऊ आहे. रांगेत साठ माणसे उभी असताना ते होत नाही. म्हणूनच त्यासाठी वेतनाइतकीच मोकळ्या वेळाची तरतूद करावी लागते.

प्रश्नावलीची गोष्टही अशीच आहे. ‘गेल्या दोन आठवड्यांत आपण आजारी होता काय?’ हा प्रश्न व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. परंतु आषाढात कणकण आणि खोकला घेऊन चिखलात लावणी करीत राहिलेली स्त्री त्याला ‘नाही’ असेच उत्तर देईल, कारण तिच्या लेखी आजारी म्हणजे अंथरुणाला खिळलेले माणूस. ‘गेल्या दोन आठवड्यांत काही अंगावर काढले काय?’ असे विचारले, तर तीच स्त्री खोकला कधी सुरू झाला येथपासून सांगू लागेल.